गीत तेच, गाणे निराळे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



१९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने 'गीतरामायण' ऐकविले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या, गीते ५६. तेथे पात्र बदलले की गळाही बदले. सीता माणिक वर्मांच्या कंठातून बोलली. पुढे फडके स्वतः पेटी घेऊन व्यासपीठावर बसले आणि राम, सीता, कौसल्या सारी एकट्यानेच गायिली. ध्वनिमुद्रिकांतही तोच गळा. नभोवाणीवर नाटक ऐकू येई, बैठकीत कथेकरी भेटे.

तिसरे रूप आमच्या अकोल्याच्या तालमीतले. गेल्या आठवड्यात एक काकू म्हणाल्या, "तबकडीसारखे जमत नाही. मी नाही गात." दम पुरेना, डोळे भरून आले. मी म्हटले, "काकू, सीतेचे गीत फडक्यांनी पुरुषी गळ्यात गायिले, तरी ऐकणाऱ्यांना सीताच भेटली ना?"

अमरावतीहून आलेल्या पेटीवाल्या ताईंनी पट्टी उतरवून दिली, दोन कडवी गाळली. आज काकू गाणार आहेत.

भगिनींनो, तबकडी उद्याही अशीच वाजेल. काकूंचे आजचे गाणे मात्र आजच. तेव्हा तुलना घरी ठेवून ऐका.