मालकाचा बांध आणि खालची वाडी



एखाद्या बागायतदाराने स्वखर्चाने व्हाळावर मातीचा बांध घातला आणि पाणी अडविले, यात गैर काहीच नाही. देवगडच्या सड्यावर एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे मोल काय असते, हे मी तुम्हांला सांगावयास नको. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब अपुरा आहे. पाण्याचा लाभ मालकाच्या पदरात पडतो. बांध फुटण्याचा धोका खालच्या वाडीच्या माथी असतो. तो धोका मालकाच्या वहीत खर्च म्हणून कोठेही लिहिला जात नाही. म्हणून रुंद सांडवा ही त्याला उधळपट्टी वाटते.

केंद्राच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने खाजगी मालकालाही जबाबदार धरले आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणीही सांगितली आहे. परंतु हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांचा. दहा ते पंधरा मीटरमधील धरणांना तो काही अटींवरच लागू होतो. आठ मीटरचा बांध त्याच्या हिशेबीच नाही. ब्रिटनमध्ये 1925 साली डोल्गारोग येथे एका ॲल्युमिनियम कंपनीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने कंपनीचाच खालचा मातीचा बांधही नेला. सोळा माणसे दगावली. 1930 साली तेथे कायदा झाला. त्याने उंची नव्हे, साठा मोजला आणि निदान दहा वर्षांतून एकदा सरकारमान्य यादीतील अभियंत्याची तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडील तिवरे धरण तर सरकारी. चिपळूण तालुक्यातील हे मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. मंत्रिमहोदयांनी दोष दिला खेकड्यांना! खेकडे बिळे पाडतात हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक आहे. ती बुजविण्यासाठीच तर देखरेख असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यापूर्वीच आपापल्या गावातील खाजगी बांधांची यादी करावी. सांडवा मोकळा आहे काय, भरावावर झाडे वाढली आहेत काय, पायथ्याशी पाझर कसा आहे, हे पाहावे. पाझराचे पाणी नितळ असेल तर त्यावर नजर ठेवावी. ते गढूळ झाले, तर आतली माती वाहू लागली असे समजावे. त्या वेळी अर्ज लिहीत न बसता वाडी हलवावी आणि तहसीलदारांना गाठावे. ग्रामसभेत ठराव मात्र आताच व्हावा: तपासणीचा खर्च मालकाचा, अभियंत्याची नेमणूक जिल्हा परिषदेची, आणि अहवालाची मराठी प्रत खालच्या वाडीच्या हाती.