दगडाचे आयुष्य आणि माणसाचा श्वास
(परभणी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परभणीत उभे राहून मुंबईच्या दगडांविषयी बोलणे आपणांस विचित्र वाटेल. परंतु इथून पोटासाठी निघालेला माणूस नंदिग्राम एक्स्प्रेसने ज्या स्थानकात उतरतो, तिथूनच मी प्रारंभ करणार आहे. १८७८ ते १८८८ या काळात उभारलेल्या त्या वास्तूच्या नक्षीकामात पोरबंदरचा चुनखडक वापरलेला आहे. वास्तुविशारद स्टीव्हन्स यांचे नाव इतिहासाने जपले. पाथरवटांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत.

आपल्याकडचा काळा पाषाण कठीण. पोरबंदरचा दगड मऊ, सच्छिद्र, कोरण्यास सोपा; मुळात तो चुनाच. कोळसा आणि तेल जळते तेव्हा गंधकाचा वायू हवेत जातो, दमट हवेत त्याचे आम्ल बनते आणि ते आम्ल या चुन्याचे जिप्सम करते. जिप्सम पाण्यात अधिक विरघळते. म्हणून जिथे पावसाचा मारा आहे तिथे दगड झिजत जातो. जिथे पाऊस पोचत नाही, त्या छज्जाखाली काजळी धरून काळी खपली चढते. ती निखळते तेव्हा कोरलेल्या चेहऱ्याचे नाकही सोबत नेते. वर समुद्राचा खारा वारा आहेच. छिद्रांत शिरलेले मीठ वाळताना स्फटिक होते आणि दगडाला आतून फोडते.

गिरण्यांची धुराडी १९८२च्या संपानंतर एकेक करून विझली, कामगार रस्त्यावर आला. मोटारी मात्र वाढतच गेल्या. २०२० पासून मोटारींच्या इंधनातील गंधक दहा लाख भागांत दहावर आणले गेले, हे मान्य केले पाहिजे. नायट्रोजनचे आम्लकारी वायू अद्याप आहेतच.

ताजमहालाच्या संगमरवरासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये आग्रा परिसरातील कारखान्यांना कोळसा सोडण्यास सांगितले. संगमरवरही चुन्याचाच, तेव्हा ते योग्यच झाले. पण मुंबईत माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत, झोपड्या तोडलेल्या कुटुंबांना ‘पुनर्वसन’ म्हणून नेऊन ठेवले. तिथल्या हवेने आरोग्यास धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केले होते. त्यानंतरही माणसे तिथे पाठवली गेली. २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या स्थानकाच्या दगडाची काळजी घेणारे आहेत. त्याच स्थानकात उतरून माहुलसारख्या वस्तीत जाणाऱ्याच्या फुप्फुसाची काळजी कोणी वाहायची?

वारसा जपण्याला आपला विरोध नाही. दुरुस्तीच्या निधीसोबत हवा मोजणारी यंत्रे कामगार वस्त्यांतही बसवा आणि त्यांचे आकडे मराठीत नाक्यावर लावा, एवढी मागणी आपण करू. मुंबईत आपले नातलग कोणत्या वस्तीत राहतात, याची यादी परभणीच्या शाखेने आजच करायला घ्यावी.