माणूस जातो, गाडी अडते
(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुमच्या त्या मोटारसायकलच्या सहलींवर पंधरा मिनिटे बोला," असा सेक्रेटरीसाहेबांचा हुकूम झाला, म्हणून उभा आहे. मी पी-वेचा माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा घेतला आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच आयुष्य गेले. भाषण जमेल की नाही ठाऊक नाही, हकिगत मात्र सांगता येईल. पोखऱ्याच्या तलावाचे वर्णन आज करणार नाही. ते फोटो आपण सर्वांनी पाहून झाले आहेत. करोनाच्या काळात आमची नेपाळची सहल कशी अडली आणि कशी निघाली, एवढेच सांगतो.

लखनौला राहून नेपाळ परदेश वाटत नाही. बहराइचमार्गे रुपईडीहाचा नाका दोनशे किलोमीटरच्या आत आहे, गोरखपूरमार्गे सोनौली साधारण पावणेचारशे. १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. माणूस चालत पलीकडे जातो. गाडीचे तसे नाही. भारतीय नंबरची मोटारसायकल न्यायची तर नाक्यावरच्या कस्टम्समध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत भन्सारमध्ये, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून पावती घ्यावी लागते. कागद गाडीचा, आणि गाडी कोणाच्या नावावर आहे तेही पाहिले जाते. हे ध्यानात ठेवा, पुढे याचे काम पडणार आहे.

आमच्या सहलीची पद्धत साधी. दहा-अकरा गाड्या. सर्वांत पुढे मी, वाट दाखवायला. सर्वांत मागे शेडमधले एक फिटर, त्यांच्याकडे क्लच वायर, ट्यूब, चेनची कडी. पुढच्याला कोणी ओलांडायचे नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही आणि वळणावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. रेल्वेवाल्यांना आणखी एक काम असते. नेपाळ कितीही जवळ असले तरी परदेशच, म्हणून एक्स-इंडिया रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते.

२०२० च्या एप्रिलमध्ये मुक्तिनाथला जायचे ठरले होते. यादी झाली, पैसे जमा झाले. मार्चच्या २३-२४ तारखेला सीमा बंद झाली आणि २५ पासून आपल्याकडे देशभर टाळेबंदी. प्रवासी गाड्या २२ मार्चपासूनच थांबल्या होत्या. मालगाड्या मात्र चालू, म्हणून आमची गँगही चालू. ३ मेला नाशिक रोडहून निघालेली श्रमिक स्पेशल चारबागला आली. आपल्या मुलखातून निघालेली गाडी पाहून बरे वाटावे, तर उतरणाऱ्यांची तोंडे बघवत नव्हती. मी त्याच महिन्यात सहलीचे पैसे सर्वांना परत केले, हिशेबाच्या कागदासकट. पुढे केव्हा निघू कोणी सांगावे, आणि दुसऱ्याचा पैसा घरात ठेवून मला झोप येत नाही.

त्या दिवसांत महाराजगंज जिल्ह्यातील एका फ्रेंच कुटुंबाची बातमी आपण वाचली असेल. आई-वडील आणि मुले स्वतःच्या गाडीने देश फिरत वाघा सीमेवरून भारतात आले होते, नेपाळला निघाले होते. सीमा बंद झाली आणि सोनौलीकडच्या एका खेड्यातील देवळाच्या आवारात ते कित्येक महिने राहिले. गावाने त्यांना सांभाळले. लोकांना ती बातमी गोड वाटली. मला घाम फुटला. आम्ही दहा दिवस आधी निघालो असतो तर नेपाळातल्या कुठल्या देवळात अकरा रेल्वेवाले बसले असते, आणि इकडे सेक्शन कोणी पाहिला असता?

मग नकाशाचा वाद झाला, तणाव वाढला, सीमा उघडण्याची गोष्ट लांबत गेली. गंमत अशी की माणसांना बंदी असताना आपल्या कोकण रेल्वेने दोन डेमू गाड्या सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळला पोहोचवल्या, जयनगर-कुर्था मार्गासाठी. पण त्यांतून प्रवासी बसायला २०२२ चा एप्रिल उजाडला. गाडी आधी गेली, माणसे नंतर. आमचे नेमके उलटे होते.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस नेपाळने तीस नाके उघडायचे ठरवले. ओळखपत्र आणि तपासणी करून माणूस जाऊ शकणार, आपली खासगी वाहने अजून बंद. आमच्या गटात चुळबुळ सुरू झाली. एकाने सुचवले, चालत जाऊ आणि पलीकडे गाड्या भाड्याने घेऊ. दुसऱ्याने सांगितले की सीमा साडेसतराशे किलोमीटरची आहे, शेतातून वाट दाखवणारा त्याच्या ओळखीचा आहे. त्याला मी सरळ सांगितले, भन्सारशिवाय आत सापडलेली गाडी जप्त होते आणि अपघात झाला तर विम्याचा दावा कोणीही उभा करणार नाही. भाड्याच्या गाड्यांना मात्र कायद्याने हरकत नव्हती. तरी मी नाही म्हटले. नाका पुन्हा एका रात्रीत बंद होऊ शकतो, हे एकदा पाहिले होते. लाइन क्लिअर नसताना गाडी सोडायची नाही, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकतो. दोघे माझ्यावर रागावले, त्यांतला एक अजून नीट बोलत नाही.

एप्रिल २०२१ चे लखनौ आपण सर्वांनी पाहिले आहे, त्याबद्दल अधिक बोलत नाही. आमच्या यादीतले सिग्नलचे एक सहकारी त्या महिन्यात गेले. मुक्तिनाथची सहल मुळात त्यांच्या आग्रहाची.

ऑगस्टमध्ये त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. "काका, बाबांची बुलेट घेऊन मी येऊ का?" वय बावीस, लायसन्स होते, गाडी चांगली चालवायचा. मी त्याला आधी आरसी आणायला सांगितले. गाडी वडिलांच्या नावावर. ते हयात नाहीत, म्हणजे अधिकारपत्र देणारेही कोणी नाही. मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, आईचे आणि बहिणीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, नव्या नावाचा विमा, यासाठी आम्ही दोघांनी आरटीओच्या किती फेऱ्या मारल्या ते मोजले नाही. एका फेरीत तो म्हणाला, "काका, बाबांचं नाव इथूनही काढायचं का?" मी फॉर्म भरत राहिलो.

वहिनींची परवानगी घ्यायला मी घरी गेलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मागच्याच गाडीवर तो असला पाहिजे. मधे दुसरा कोणी नको."

दसऱ्याच्या सुमारास भारतीय वाहनांना पुन्हा प्रवेश मिळू लागला, सुमारे दीड वर्षाने. नेपाळच्या सीसीएमसीचा ऑनलाइन फॉर्म, लसीच्या दोन डोसांचे प्रमाणपत्र आणि ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल हवा. हे ७२ तास नमुना दिल्यापासून की अहवाल आल्यापासून, यावर गटात वाद. मी कडक अर्थ धरला. गुरुवारी सकाळी १० ला सर्वांचा नमुना, शुक्रवारी संध्याकाळी अहवाल. म्हणजे बत्तीस तास लखनौतच संपले. शनिवारी पहाटे ४ ला निघून दुपारी २ पर्यंत सोनौली गाठली तर वीस तास हातात राहतात. रुपईडीहाला आणखी वेळ वाचला असता, पण तिथून पोखरा फार लांब पडते. सोनौलीहून सिद्धार्थ राजमार्ग थेट जातो. भन्सारची पावती मुक्कामापेक्षा दोन दिवस जास्तीची घ्यायची, हा नियमही तेव्हा केला. २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळातील आंदोलनामुळे सोनौलीला वाहने पुन्हा खोळंबली, तेव्हा बऱ्याच जणांना मी तो ऐकवला.

आधीच ठरवले होते की ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह तो आणि त्याच्या खोलीत राहणारा, दोघे मागे राहतील. बाकीचे थांबणार नाहीत. पॉझिटिव्ह निघाले ते आमचे फिटर, शेवटच्या गाडीवाले. त्यांनी चेनच्या कड्या आणि ट्यूब पिशवीत घालून शुक्रवारी रात्री माझ्या दारात ठेवल्या, लांबूनच हात केला आणि गेले. नऊ गाड्या निघाल्या.

भन्सारमधल्या कारकुनाने मुलाची आरसी हातात घेतली, नाव पाहिले, चेहरा पाहिला, पावती फाडली. दोन मिनिटे लागली असतील. बेनीच्या पुढे रस्ता म्हणजे दगड आणि धूळ. दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यात वारा इतका सुटतो की उभी गाडी ढकलतो, म्हणून सकाळीच जोमसोम गाठायचे. तो पोरगा माझ्या मागे अंतर राखून होता, पूर्ण वाटेत एकदाही मधे कोणी आले नाही. मुक्तिनाथला एकशे आठ धारांचे गोठवणारे पाणी त्याने अंगावर घेतले. मी घेतले नाही, वयाचा मान.

आता तोच मुलगा शेवटच्या गाडीवर असतो. फिटरदादा निवृत्त झाले, त्यांची हत्यारांची पिशवी त्याच्याकडे आहे. पुढच्या सहलीची यादी कार्यक्रमानंतर माझ्याकडेच आहे. नाव द्यायला येण्यापूर्वी एवढे करा, घरी जाऊन आरसी काढा आणि ती कोणाच्या नावावर आहे ते पाहून या.