नद्यांचे जाळे आणि उशिरा पोहोचणारा गाळ



भूगोलाच्या वहीत आपण नदी एका निळ्या रेघेने काढतो. वर्गावर मीही तसेच शिकवतो. वस्तुतः ओढे, नाले, उपनद्या मिळून नदीचे झाडाच्या फांद्यांसारखे जाळे असते. जंगल तुटले, पाऊसमान बदलले, खाण निघाली, की हे जाळे कसे बदलते, यावर आज पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात. या विषयातील एक मूलभूत काम आपल्यापुढे ठेवतो.

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात १८५३ पासून सोन्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून डोंगर फोडले गेले. सुमारे शंभर कोटी घनमीटर माती-गोटे ओढ्यांत गेले. सोने खाणवाल्यांना मिळाले, गाळ मात्र खालच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आला! मेरीजव्हिल शहरापाशी युबा नदीचा तळ रस्त्यांहून उंच झाला. प्रकरण कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी खाणीची माती नदीत सोडण्यास मनाई केली.

प्रश्न मिटला असे आपल्याला वाटेल. परंतु नदीला तो निकाल कोणी कळवला नव्हता.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञांनी पुढे या नद्यांचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९१७ मध्ये निघाला. हे गृहस्थ बी.ए. होऊन कॉलेजातून बाहेर पडले, थोडे दिवस शाळेत शिकवून पाहिले आणि ते सोडून दिले. (आमच्या व्यवसायाचे नुकसान झाले खरे!) त्यांनी पाणीपातळीच्या जुन्या नोंदी तपासल्या. गाळ लाटेसारखा सरकतो, असे त्यांना आढळले. डोंगरातल्या ओढ्यांचा तळ पुन्हा खाली जाऊ लागतो, तेव्हा मैदानातला तळ अजून चढतच असतो. एकाच जाळ्यातील एक फांदी सुधारत असते, दुसरी बिघडत असते. एकाच पुलावर उभे राहून मोजणाऱ्याला हे दिसायचे नाही. म्हणून आपल्या मुलामुलींपैकी कोणी हा विषय घेतलाच, तर त्याने आधी जुन्या नोंदी मिळवाव्यात आणि मग उपनद्या पायी हिंडाव्यात.

नंतरच्या संशोधकांनी त्यात भर घातली. तळ खाली गेला तरी पुष्कळ गाळ काठाकाठाने साठून राहतो आणि मोठ्या पुरात पुन्हा निघतो. सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पाराही त्यात आहे. हा गाळ अडवण्यासाठी युबा नदीवर एंगलब्राइट धरण बांधावे लागले. ते १९४१ मध्ये पुरे झाले, तेव्हा कोर्टाच्या निकालाला ५७ वर्षे लोटली होती.