संशोधक विद्यार्थ्याला सोबती हवेत



सायखेड्यात गोदाकाठी भरलेल्या या अधिवेशनाच्या अध्यक्षानं विज्ञानशिक्षणाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.ची नवी नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. किमान तीन वर्षं, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण, हे सगळं तिच्यात आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. ज्यांना ती मिळते त्यांना दिलासा मिळाला. मात्र आपल्याकडची कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करतात. आढावा मी इथेच थांबवतो, कारण वर्षानुवर्षं मनात साठलेली एक गोष्ट आज बोलायची आहे. विज्ञानात संशोधन करणारा आपला विद्यार्थी एकटा पडला आहे, आणि त्याला एकटं पाडणारी आपलीच व्यवस्था आहे.

मी शिकवत असताना शेजारच्या प्रयोगशाळेत एक मुलगी कार्बनी रसायनशास्त्रात काम करत होती. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. तिची अभिक्रिया व्हायची, तपासणीच्या टीएलसी पट्टीवर ठिपका दिसायचा, पण शुद्ध करायला सिलिकाच्या कॉलममधून काढायला गेलं की पदार्थ हाती लागायचाच नाही. परीक्षानळ्यांच्या रांगाच्या रांगा भरायच्या आणि कशातही काही नसायचं. पावसाळ्यात सुरू झालेलं हे दुखणं उन्हाळ्यापर्यंत चाललं. मार्गदर्शकांना सांगायची तिला धास्ती. तुझा हात चांगला नाही, असं ते म्हणतील, ही भीती. शेवटी दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका मुलानं चहाच्या टपरीवर तिला विचारलं, “ताई, तुमचा पदार्थ आम्लात टिकत नाही का? मग तो सिलिकावरच मोडत असेल. सिलिका आम्लधर्मी असते. द्रावकात किंचित ट्रायइथाइलअमीन घालून बघा.” त्याच आठवड्यात पदार्थ बाटलीत आला.

कॉलम चालवणाऱ्याला ही गोष्ट कधी ना कधी कळतेच. ती सांगणारं माणूस भेटेपर्यंत त्या मुलीचं जवळजवळ एक वर्ष गेलं, याची चीड मला आजही येते.

सकाळच्या परिसंवादात आपल्या काही सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की संशोधक विद्यार्थी अडचणी बोलायला एकत्र बसले तरी त्या बैठकीत मार्गदर्शक हवेतच, नाहीतर नुसत्या गप्पा होतील, शिस्त राहणार नाही. त्या टपरीवर तिचे सर बसलेले असते तर ती मुलगी तोंड उघडती का? माझ्यापुरता हा वाद त्या दिवशीच मिटला.

दुसरा मुद्दा व्यावसायिक विकासाचा. त्याच्या नावाखाली आपण काय करतो? एका दिवसाची कार्यशाळा, मोठा फलक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, व्यक्तिमत्त्वावर दोन भाषणं आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. मुलं मागच्या रांगेत मोबाइल बघत बसतात आणि मूल्यांकनाच्या फायलीत आणखी एक कागद वाढतो. याला विकास म्हणायला मी तयार नाही.

त्यापेक्षा आपल्या शिवारात बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्ष बागायतदार एकमेकांच्या बागेत जातात, पानं उलटून बघतात, डाऊनी रोगावर कोणती फवारणी चालली आणि कोणती वाया गेली हे उघड सांगतात. २०१० साली निर्यातीच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे, म्हणजे आपल्या सीसीसीचे, अंश सापडले आणि युरोपात माल अडकला. तेव्हा कोणी किती आणि कधी मारलं होतं, याची चर्चा पारापारावर झाली. कर्जात बुडालेला माणूस आपलं नुकसान शेजाऱ्याला सांगू शकतो, आणि आपला एम.एस्सी. झालेला मुलगा फसलेला प्रयोग शेजारच्या टेबलावर सांगू शकत नाही!

आणि तेच अंश मोजायला रसायनतज्ज्ञ लागतात. निर्यातीसाठी अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांत आपलेच माजी विद्यार्थी काम करतात. तिथे दिवसभर काय करावं लागतं, कोणतं उपकरण हाताळता यावं लागतं, हे आताच्या मुलांना कोण सांगतं? प्राध्यापकाची जागा निघेल म्हणून वाट बघत मुलं चाळिशीला टेकतात. त्यांचं ते वाट बघणं मला पाहवत नाही.

माणसांना एकत्र आणणारी अशी सोय उभी करता येते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीच आहे. लांबच्या गावचा शिक्षक तिथे येऊन राहतो, ग्रंथालय वापरतो आणि आपल्याच विषयातल्या माणसांशी बोलतो. खगोलशास्त्रात हे जमलं. रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्राला तालुक्याच्या पातळीवर का जमू नये?

म्हणून माझी सूचना अशी. महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्या विषयांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी एकत्र बसावं. कधी निफाड, कधी पिंपळगाव, कधी इथे सायखेड्यात. आधी फसलेला प्रयोग मांडायचा, जमलेला नंतर. येण्याजाण्याचं भाडं महाविद्यालयानं द्यावं. नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांची एक यादी करू, जमलं तर छोटी पुस्तिकाही काढू. बाकीचं कार्यकारिणीनं ठरवावं.

सुरुवात आजच करू. जेवणानंतर ज्या विद्यार्थ्यांना थांबता येईल त्यांनी मागच्या वर्गखोलीत जमावं. आम्ही प्राध्यापक मंडळी तिकडे येणार नाही.