खिळ्याचे यंत्र आणि पाण्याचे यंत्र



कामगार संघटनेचा माणूस यंत्रावर बोलायला उभा राहिला, की तो यंत्राविरुद्धच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. तसे काही आज होणार नाही. आम्ही इंजिनियर नव्हे. पण यंत्रावर ज्यांचे पोट आहे अशा माणसांत आमची उमर गेली. म्हणून यंत्र कोणी शोधले याबरोबरच ते पुढे कोणाच्या हाती गेले, हे विचारण्याची आम्हांला सवय लागली आहे. आज तोच प्रश्न दोन यंत्रांच्या बाबतीत विचारायचा आहे. पहिले छपाईचे खिळे ओतणारे, दुसरे पाणी उपसणारे.

छापणे, नक्कल काढणे आणि पाणी उपसणे ही तीन कामे वरवर वेगळी दिसतात. परंतु यंत्रविद्येच्या घरात ती सख्खी भावंडे आहेत. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटने १७८० साली पत्राची नक्कल काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. १७९५ साली जोसेफ ब्रामा याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे बँकेच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्रही त्यानेच केले. हे संबंध योगायोगाचे नव्हेत. नळकांड्यात घट्ट बसणारा दट्ट्या सरकवला की द्रव पुढे ढकलला जातो, एवढे एक तत्त्व किती ठिकाणी उपयोगी पडते पाहा. खिळे ओतण्याच्या यंत्रातही एक पंपच असतो. भांड्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस असतो. दट्ट्या तो रस साच्यात दाबतो, साच्याच्या तोंडाशी अक्षराची मातृका असते, आणि क्षणात थंड झालेला खिळा बाहेर पडतो. आपल्या गावच्या हातपंपात पाणी असते, तेथे रस असतो, इतकाच फरक.

या खिळ्याच्या यंत्रासाठी ज्याने आयुष्य वेचले तो आपल्या मुंबईचा मराठी माणूस, शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७. विलायतेतल्या एका मासिकाने किराणा मालासाठी आपोआप वजन करणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली होती. भिसे यांनी मुंबईहून आराखडा पाठवला आणि बक्षीस मिळवले. दिनशा वाच्छा यांनी त्यांची गाठ लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींशी घालून दिली, आणि एकोणिसावे शतक संपता संपता भिसे लंडनला पोहोचले. हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर वाहून जाते याचा हिशेब ज्यांनी जगापुढे मांडला, त्या दादाभाईंनी एका हिंदी संशोधकाच्या पाठीशी उभे राहावे, हे त्यांच्या विचाराला धरूनच होते. कच्चा माल आपण पाठवायचा आणि यंत्र त्यांच्याकडून विकत घ्यायचे, हा क्रम मोडायचा तर यंत्र करणारी बुद्धी आपल्याकडे आहे हे दाखवावेच लागणार होते.

छपाईचा प्रश्न त्या काळी किती मोठा होता, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. मजकूर एकेक खिळा उचलून जुळवायचा. हे करणारा जुळारी, म्हणजे ज्याला आपण कंपोझिटर म्हणत असू तो, दिवसभर केसपुढे उभा असे. इंग्रजीपेक्षा मराठीचे काम कितीतरी अवघड, कारण काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार काही शे होतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात टाइप घासण्याच्या कामावर लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत स्वतःची ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्या खिळ्यांच्या वळणदारपणावर मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. तिकडे अमेरिकेत १८८६ साली लायनोटाइप आले आणि सबंध ओळच एका वेळी ओतली जाऊ लागली. पाठोपाठ सुटी अक्षरे ओतून जुळवणारे मोनोटाइप आले. या बलाढ्य यंत्रांच्या मैदानात भिसे उतरले. त्यांच्या यंत्राचे नाव 'भिसोटाइप'. थोड्या वेळात पुष्कळ खिळे ओतायचे, तेही साध्या रचनेच्या यंत्रावर, हा त्यांचा ध्यास होता.

बुद्धी होती, आराखडे होते, पेटंटे होती. अडले कोठे? भांडवलाशी. दादाभाईंनी त्यांची ओळख हेन्री हाइंडमन यांच्याशी करून दिली. हे हाइंडमन म्हणजे इंग्लंडमधील समाजवादी चळवळीचे एक जुने पुढारी आणि हिंदुस्थानचे मित्र. भांडवलशाहीवर कोरडे ओढणाऱ्या या गृहस्थांना भिसे यांच्या यंत्रासाठी भांडवलदारांची दारे ठोठवावी लागली! आम्हांला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. कारखाना काढायचा तर लेथ लागते, लोखंड लागते, दर शनिवारी कारागिरांची मजुरी लागते. ती नुसत्या सदिच्छेतून निघत नाही. हाइंडमन यांच्याकडून पैसा उभा राहिला नाही आणि १९०८ च्या अखेरीस भिसे परत निघाले. त्या बोटीवर त्यांना नामदार गोखले भेटले. गोखल्यांच्या मध्यस्थीने जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पैसा घातला आणि टाटा-भिसे यांच्या नावाने संस्था निघाली. भिसे पुन्हा लंडनला गेले. तेथेही व्यवहार फळास आला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेस गेले, तेथे नव्याने खिळ्याच्या यंत्रामागे लागले, औषधी आयोडिनाचे एक द्रावणही त्यांनी काढले, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले.

त्यांना लोक 'हिंदी एडिसन' म्हणत. या पदवीने आमचे समाधान होत नाही. एडिसनच्या मागे कारागिरांनी भरलेली कर्मशाळा होती, सावकार होते आणि माल घेणारी बाजारपेठ होती. भिसे यांच्यामागे चार थोर माणसांचा आशीर्वाद होता. पेटंट म्हणजे एक कागद. तो दुसऱ्याला मनाई करतो. पण स्वतःला लेथ देत नाही. गुलाम देशातला संशोधक हा कारखान्याविना कारागीर असतो, हा भिसे यांच्या चरित्राचा अर्थ आम्ही लावतो.

यंत्र आल्यावर जुळाऱ्याचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या जुळाऱ्यांच्या संघटनेने लायनोटाइप फोडले नाही. यंत्र येऊ द्या, पण ते चालवील तो जुळारीच, त्याची मजुरी उतरणार नाही आणि कामाचे तास कमी झाले पाहिजेत, अशी भूमिका तिने घेतली. पुढे १९०५-०६ साली आठ तासांच्या दिवसासाठी तिने मोठा संप केला. नव्या यंत्राला कसे सामोरे जावे, याचा याहून शहाणा धडा आमच्या वाचनात नाही. आपल्याकडे जेव्हा खिळे जाऊन संगणक आले, तेव्हा असा करार फार थोड्या जुळाऱ्यांच्या वाट्याला आला.

नक्कल काढण्याच्या यंत्राविषयी दोनच शब्द. मेणकागदावर लोखंडी लेखणीने लिहायचे, रूळ फिरवायचा, शाई त्या रेघांतून झिरपून खालच्या कागदावर उतरते. हे सायक्लोस्टाइल. त्याला ना खिळा लागे, ना जुळारी, ना छापखानदाराची मर्जी. ज्या संघटनेजवळ छपाईला पैसे नव्हते तिचे पत्रक रात्रीतून निघून पहाटेच्या पाळीला दारावर वाटले जाई. स्वस्त, साधे आणि ज्याच्या त्याच्या हातात राहणारे यंत्र किती बळ देते, हे आम्ही त्या काळ्या झालेल्या बोटांवरून शिकलो.

याच कसोटीवर आता आपल्या दाराशी येऊ. १९७२ चा दुष्काळ या जिल्ह्याच्या हाडात आहे. बालाघाटाच्या या पठारावर खाली काळा बसाल्ट. आड आटले, की पाणी त्या दगडाच्या भेगांत. हवेच्या दाबाने हातोडा चालवणारी यंत्रे आली, विंधन विहिरी झाल्या आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसले. ते पंप मूळचे परदेशी शेतघरातल्या एका कुटुंबासाठी आखलेले. त्यांवर आपण पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळे गाव लावले! खिळी झिजली, दांडे मोडले. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. छिद्र होते, पाणी होते, पंप नव्हता.

उत्तर लांबून आले नाही. जालना आणि सोलापूर येथे विंधन विहिरी घेणाऱ्या सेवाभावी संस्थांच्या कर्मशाळांत ते तयार होत होते. आपल्या शेजारच्या सोलापुरात बिडाऐवजी पोलादाचे, सांधून केलेले डोके पंपावर बसवले गेले. दांड्याच्या कण्याला बॉल बेअरिंग दिले आणि दांडा व सळई यांच्यामध्ये साखळी घातली, म्हणजे सळई वाकडी न ओढता सरळ उचलली जाते. मोडलेले पंप रोज दुरुस्त करणाऱ्यालाच असा उपाय सुचतो. हाच नमुना धरून युनिसेफ, सरकारी खाती आणि सरकारी मालकीची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध केला. कोइमतूरकडे त्याची चाचणी झाली आणि १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले. त्यावर कोणी पेटंटाचा मक्ता ठेवला नाही. ठरलेल्या मापात, तपासणीला उतरेल असा माल करणाऱ्या कोणत्याही कारखान्याला तो करण्याची मुभा होती. देशात असे पंप लाखांनी बसले आणि आफ्रिकेच्या खेड्यांतही गेले.

भिसे यांचे यंत्र अडले आणि सोलापूरचे यंत्र जगभर गेले. सोलापूरकरांची बुद्धी भिसे यांच्याहून मोठी होती, असे कोणी म्हणणार नाही. एकाचे यंत्र सावकार शोधत राहिले. दुसऱ्याला मोकळे माप, सार्वजनिक पैसा आणि अनेक कर्मशाळा मिळाल्या.

पण गोष्ट येथे संपवली तर ती अर्धीच होईल. मार्क दोनच्या दट्ट्याला तेव्हा चामड्याचे वायसर असे आणि ते झिजायचेच. ते बदलायला सगळा नळ वर ओढावा लागे, त्यासाठी तालुक्याहून पथक यावे लागे. दोन रुपयांच्या चामड्यापायी बाई दोन कोस चाले. पुढे मार्क तीनमध्ये नळ रुंद केला, त्यामुळे नळ न काढता दट्ट्याच वर ओढता येऊ लागला. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात खेड्यातल्या बायकांनी पान्हे हाती घेतले आणि पंप दुरुस्तीचे काम शिकून दाखवले. ज्याला पाणी लागते त्याच्या हातात पान्हा, हा त्या शोधाचा खरा शेवट.

२०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्या अगदी शेजारी घडले. पंप पाणी निर्माण करत नाही. खाली पाणी राखणे हे वेगळे काम आहे आणि तेही आपलेच. परंतु जेथे पाणी आहे तेथला पंप जर वायसरवाचून बंद पडत असेल, तर तो दोष दगडाचाही नाही आणि इंद्राचाही नाही. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला ठेक्यावर, आज आहे उद्या नाही अशा रोजावर ठेवले, की पंपही तसाच चालतो: आज आहे, उद्या नाही. पुतळा संशोधकाचा उभारावा, आमची ना नाही. पण दुरुस्तवाल्याचा पगार दरमहा व्हावा आणि त्याच्या पेटीत सुटे भाग असावेत, ही मागणी आम्ही त्या पुतळ्याच्या आधी करतो.

आपापल्या गावी गेल्यावर ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या गावात पंप किती, चालू किती, आणि बंद पंपाला हात लावणाऱ्या माणसाला पगार कोण देते? उत्तर कागदावर घ्या.