पाण्याचा नियम कोणीं करावा?

(शेतकरी मेळाव्यांत केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले मराठी शाळेचे मास्तर. विद्वानांच्या पंक्तीला बसण्याची आमची योग्यता नाहीं. परंतु विद्वानांनीं कांहीं उपयोगाचें शोधून काढलें, तर तें इंग्रजी पुस्तकांत कोंडून न राहतां आपल्या ओसरीवर यावें, एवढ्यासाठींच आज आम्ही उभे आहों.

चारीच्या शेवटच्या टोकाला ज्यांचीं शेतें आहेत, त्यांना पाण्याचें दुःख सांगावयास नको. वरचा बागाईतदार उसाला पाण्यावर पाणी देतो आणि खालच्या कुणब्याची ज्वारी कणसांत येतां येतां करपते. हें असेंच चालायचें, असें म्हणून आपण गप्प बसतों. पण तें असेंच चालावें लागतें काय? हा प्रश्न एका बाईनें जन्मभर तपासला.

तिचें नांव एलिनॉर ऑस्ट्रॉम. अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरीं 1933 सालीं ती जन्मली. मुलीच्या जातीला वरचें गणित कशाला, म्हणून शाळेंत तिला त्यापासून दूर ठेवलें. आणि पुढें अर्थशास्त्र शिकावयास गेली, तेव्हां गणित कमी म्हणून तें दारही लागलें. मग तिनें राज्यशास्त्र धरलें. इंडियाना विद्यापीठांत राज्यशास्त्राबरोबरच सार्वजनिक कारभार व पर्यावरण शिकविणाऱ्या विद्यालयांतही ती प्राध्यापक होती. तेथें 1973 सालीं नवऱ्यासह तिनें अभ्यासाचें एक केंद्र काढलें व त्याला ‘कार्यशाळा’ असें नांव दिलें. लाकूडकाम करणाऱ्या एका कारागिराजवळ दोघें हातानें काम शिकलीं होतीं. विद्याही तशीच मिळून शिकावी, हा त्यांचा हेतु. सुतार-लोहारांच्या घरांनीं हें ध्यानांत ठेवावें! 2009 सालीं तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. 2012 सालीं ती वारली.

तिनें शोधलें काय? 1968 सालीं गॅरेट हार्डिन नांवाच्या प्राध्यापकानें लिहिलें होतें कीं, सर्वांचें कुरण असलें म्हणजे जो तो आपलें एक गुरूं जास्त सोडतो आणि शेवटीं कुरणच उजाड होतें. यावरून पुष्कळांनीं ठरविलें कीं, सामाईक वस्तु एक तर सरकारनें घ्यावी, नाहीं तर वांटून खाजगी करावी. शेतकऱ्याला तिसरी वाट सुचणारच नाहीं, असा हा निकाल!

बाईनें निकाल ऐकला नाहीं. ती पुरावा पाहूं लागली. स्वित्झर्लंडांत टोर्बेल नांवाचें डोंगरी गांव आहे. तेथें 1517 सालापासूनचा लेखी नियम सांपडतो कीं, हिवाळ्यांत आपल्या वैरणीवर जितक्या गाई पोसतां येतील, तितक्याच उन्हाळ्यांत डोंगरावरच्या सामाईक कुरणांत सोडाव्या. स्पेनांतील व्हॅलेन्सिया शहरीं देवळाच्या दाराशीं दर गुरुवारीं पाण्याचें न्यायमंडळ बसतें. पंच शेतकऱ्यांनीं निवडलेले, सारें तोंडीं, निकाल जागच्या जागीं.

आपल्याकडे धुळें-नाशिक भागांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि गांवानें नेमलेल्या पाटकऱ्यानें पाणी द्यावयाचें.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट नेपाळची. तेथील शंभराहून अधिक पाटांची पाहणी तिनें व तिच्या सोबत्यांनीं केली. सरकारी इंजिनियरांनीं चालविलेल्या पाटांपेक्षां शेतकऱ्यांनीं स्वतः चालविलेल्या पाटांचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत अधिक पोंचत होतें आणि पीकही अधिक येत होतें. कारण काय? धोंड्या-मातीचा बंधारा दर साल वाहून जाई. तो पुन्हा घालावयास वरच्याला खालच्याचे हात लागत; म्हणून तो खालच्याला पाणी देई. जेथें सिमेंटाचा पक्का बंधारा झाला, तेथें वरच्याची गरज सरली. गरज सरली, तेव्हां खालच्याची बारीही सरली! तात्पर्य, नुसत्या सिमेंटानें न्याय येत नाहीं.

मग टिकलेल्या व्यवस्थांत तिला काय दिसलें? पाण्याचे हक्कदार कोण, हें ठरलेलें असतें. जो जितकें घेतो, तो तितकें कष्ट देतो. राखणदार शेतकऱ्यांना जबाबदार असतो. पहिल्या चुकीला दंड थोडा, पुन्हा केल्यास जास्त. आणि मुख्य गोष्ट ही कीं, नियम ज्याला पाळावयाचा, त्याचा तो करण्यांत हात असतो.

येथें आम्हांला थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. गांवाचा नियम म्हणजे आजवर कोणाचा नियम? महाडचें चवदार तळें सार्वजनिक होतें. तरी त्याचें पाणी घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना 1927 सालीं सत्याग्रह करावा लागला. म्हणून ‘गांवानें ठरविलें’ एवढ्यावर भुलूं नका. ठरवितांना शेवटचा माणूस बैठकींत होता काय, हें आधीं विचारा. तो नव्हता, तर तो गांवाचा नियम नव्हे, वरच्या चार घरांचा आहे.

महाराष्ट्रांत 2005 सालीं शेतकऱ्यांनीं सिंचनाचा कारभार पाहण्याचा कायदा झाला. त्यांत पाणी वापर संस्थेच्या समितीवर चारीच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी घेण्याची तजवीज आहे. नाशिक जिल्ह्यांत ओझर भागांत तर कायद्याच्या आधींच, वाघाड धरणाच्या पाण्यापासून वंचित राहिलेल्या शेतकऱ्यांनीं संस्था काढल्या आणि पाणी मिळविलें. कायदा आहे, दाखला आहे; उणीव बैठकीला जाण्याची आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच. आपल्या चारीची बैठक ठरेल तेव्हां टोकाच्या शेतकऱ्यानें पुढें बसावें. घरच्या बाईला बरोबर आणावें. रात्रीच्या बारीला कंदील धरून तीही उभी असते. कोणाला किती व केव्हां पाणी, तें कागदावर लिहून चावडीवर लावावें. लिहितां येत नसेल तर आमच्या शाळेंत या. आम्ही लिहून देऊं आणि मोठ्यानें वाचूनही दाखवूं.